पाचाचे गणित आणि युरोपचा डिजिटल सेवा कायदा

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तेथे आठवड्याचा बाजार होता. मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून त्या दिवशी जमावाने पाच जणांना मारून टाकले. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे होते. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवण्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

त्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर मोबाइलवरून फिरत होत्या. त्यांबरोबर एक चित्रफीतही फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मुळात ती कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेच्या प्रचारासाठी केलेली फीत होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध राहण्याचा संदेश देतात. हा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता.

मारणाऱ्यांचा गुन्हा उघड आहे, आणि त्याचा विचार न्यायालयाने करायचा. परंतु दुसरा एक प्रश्न उरतो. अफवा ही माणसाइतकीच जुनी गोष्ट आहे. मग एखादी अफवा थोड्या काळात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते, ती ज्या यंत्रणेवरून जाते, त्या यंत्रणेच्या रचनेचा यात काही वाटा आहे की नाही? असल्यास तो मोजायचा कसा, आणि मोजायचा कोणी? युरोपीय संघाने २०२२ साली केलेला डिजिटल सेवा कायदा या प्रश्नाला एक उत्तर देतो. ते समजून घेण्यासाठी आपण आपल्याच घरापासून सुरुवात करू.

टपालवाला आणि मंच

पत्रातील मजकुरासाठी आपण टपालवाल्याला पकडत नाही. त्याने पत्र वाचलेले नसते, निवडलेले नसते. याच न्यायाने दुसऱ्यांचा मजकूर वाहून नेणाऱ्या वा साठवणाऱ्या संगणकीय कंपन्यांना जगातील बहुतेक कायद्यांनी संरक्षण दिले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये अशा कंपन्यांना ‘मध्यस्थ’ म्हटले आहे. मध्यस्थाने काही पथ्ये पाळली, तर इतरांच्या मजकुरासाठी त्याला जबाबदार धरले जात नाही.

ही पथ्ये कोणती, याचा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातील घटनेतून निघाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. त्याच निकालात कलम ७९ चाही अर्थ लावला: कोणीही उठून तक्रार केली म्हणून मध्यस्थाने मजकूर काढलाच पाहिजे असे नाही. न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची रीतसर सूचना आली, म्हणजे त्याला ‘कळले’ असे समजायचे. बोलण्याच्या स्वातंत्र्याचे रक्षण करणारा हा अर्थ होता.

पण टपालवाल्याची उपमा आता पुरेशी राहिलेली नाही. समाजमाध्यमाच्या पानावर आपल्यासमोर काय यावे, कोणत्या क्रमाने यावे, हे कंपनीची शिफारस यंत्रणा ठरवते. एक संदेश एका वेळी किती ठिकाणी पाठवता यावा, गटात किती माणसे असावीत, हेही कंपनीच ठरवते. म्हणजे मजकूर दुसऱ्याचा असला तरी त्याचा वेग आणि पसारा ठरवणाऱ्या कळा कंपनीच्या हाती असतात. अशा कंपनीच्या सेवेला या लेखात आपण ‘मंच’ म्हणू.

पाचाचे गणित

राईनपाड्याच्या घटनेनंतर केंद्र शासनाने व्हॉट्सॲपला जाब विचारला. १० जुलै २०१८ रोजी कंपनीने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. त्याच सुमारास पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. त्याच महिन्यात पुढे पाठवण्यावर मर्यादा आली: भारतात एका वेळी ५ ठिकाणी, इतर देशांत २०. जानेवारी २०१९ मध्ये ५ ची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्हॉट्सॲपचे संदेश कूटबद्ध असतात, त्यामुळे कंपनी ते वाचत नाही. तरीही तिने प्रसार कमी करण्याचा उपाय केला. तो कसा? उदाहरणाने पाहू.

समजा, अहिल्यानगर शहराच्या पुणे रस्त्यावरील केडगाव उपनगरात कोणीतरी एक खोटा संदेश सोडला: ‘उद्यापासून नेप्तीच्या बाजारात कांद्याचे लिलाव आठ दिवस बंद.’ त्या काळी एका गटात जास्तीत जास्त २५६ सदस्य असू शकत. पाठवणाऱ्याने भरलेले गट निवडले असे धरू. आणखी असे धरू की संदेश मिळालेल्या दर ८०० माणसांपैकी एकच जण तो तितक्याच गटांना पुढे पाठवतो, बाकीचे वाचून सोडून देतात.

मर्यादा २० असेल, तर एका पाठवणाऱ्याकडून संदेश २० × २५६ = ५,१२० जणांना जाईल. त्यांतून ५,१२० ÷ ८०० = ६.४ नवे पाठवणारे तयार होतील. मर्यादा ५ असेल, तर १,२८० जणांना जाईल आणि १.६ नवे पाठवणारे मिळतील. मर्यादा १ असेल, तर २५६ जणांना जाईल आणि ०.३२ नवे पाठवणारे मिळतील.

साथीच्या रोगांच्या अभ्यासात एका रोग्यापासून सरासरी किती नवे रोगी होतात, ही संख्या अशीच काढतात. ती १ पेक्षा जास्त असेल तर साथ वाढते, १ पेक्षा कमी असेल तर विझते. आपल्या उदाहरणात ६.४ चा सहावा घात सुमारे ६८,७०० येतो. म्हणजे सहाव्या पायरीवर इतके पाठवणारे! १.६ चा सहावा घात सुमारे १७ च येतो. पण १.६ हीदेखील १ पेक्षा मोठी संख्या आहे. तोच ६८,७०० चा आकडा चोविसाव्या पायरीवर ओलांडला जातोच. थोडक्यात, ५ च्या मर्यादेने अफवा मंदावली, थांबली नाही. ०.३२ असताना मात्र साखळी दोन-चार पायऱ्यांत संपते.

प्रत्यक्षात सगळे गट भरलेले नसतात, एकच माणूस अनेक गटांत असतो, आणि केडगावच्या कांद्याच्या बातमीत कोल्हापूरच्या माणसाला रस नसतो. तेव्हा हे आकडे समजण्यापुरतेच घ्यावेत. परंतु दिशा बरोबर आहे. ब्राझील व अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ साली ब्राझील, भारत व इंडोनेशियातील सार्वजनिक गटांच्या आकडेवारीवरून हाच प्रश्न तपासला. मर्यादेमुळे प्रसाराला बराच विलंब होतो, पण अतिशय वेगाने पसरणारा संदेश त्याने अडत नाही, असाच त्यांचा निष्कर्ष होता.

आता या गणितातील दुसरी कळ पाहा. २०२२ साली गटाची कमाल सदस्यसंख्या २५६ वरून आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. आपल्या उदाहरणात मर्यादा १ च ठेवली आणि गट १,०२४ चा केला, तर १,०२४ ÷ ८०० = १.२८! विझणारी साखळी पुन्हा वाढणारी झाली. एका कळीने साधलेला परिणाम दुसऱ्या कळीने पुसला जाऊ शकतो. प्रत्यक्षात तसे झाले की नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही, कारण लागणारे आकडे कंपनीकडेच असतात. एप्रिल २०२० च्या निर्बंधानंतर अतिप्रसारित संदेश सुमारे ७० टक्क्यांनी घटले, असे व्हॉट्सॲपने जाहीर केले. ते खरे असेलही. परंतु ज्याचा प्रयोग त्याचेच मोजमाप आणि त्याचाच निकाल, हे विज्ञानाच्या रीतीत बसत नाही.

साखर कारखान्याचा बॉयलर

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत. कारखान्याच्या बॉयलरची ठरावीक मुदतीने तपासणी होते. निरीक्षक साखरेचा प्रत्येक दाणा पाहत नाही. तो पत्र्याची जाडी, सुरक्षा झडप, दाब दाखवणारा काटा पाहतो, आणि नेहमीच्या दाबापेक्षा अधिक दाब देऊन बॉयलर टिकतो का हे पाहतो. स्फोट होण्याची वाट पाहून मग दोषी शोधण्यापेक्षा आधी यंत्र तपासावे, हा त्यामागचा विचार. घरातल्या कुकरला असा निरीक्षक नसतो, कारण त्याचा धोका घरापुरताच असतो.

युरोपचा डिजिटल सेवा कायदा हाच विचार मंचांना लावतो. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजूर झाला आणि १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याने टपालवाल्याचे जुने संरक्षण काढून घेतलेले नाही. मंचाने सगळ्या मजकुरावर सतत पाळत ठेवावी, अशी सक्तीही केलेली नाही. त्याने आकाराप्रमाणे कर्तव्यांच्या पायऱ्या लावल्या. लहान उद्योगांना, म्हणजे ५० हून कमी नोकर व बेताची उलाढाल असणाऱ्यांना, मंचांसाठीच्या बऱ्याच अटींतून सूट आहे. ज्यांचे युरोपात महिन्याला सरासरी ४ कोटी ५० लाखांहून अधिक वापरणारे आहेत, त्यांना सर्वांत कडक नियम. हा आकडा का? युरोपीय संघाची लोकसंख्या सुमारे ४५ कोटी, तिचा दहावा भाग. २५ एप्रिल २०२३ रोजी अशा पहिल्या १९ सेवांची यादी जाहीर झाली. तीत १७ मंच आणि गूगल व बिंग ही दोन शोधयंत्रे होती.

नियमपालन म्हणजे काय करावे लागते?

पहिली पायरी वापरणाऱ्याच्या रोजच्या अनुभवाची आहे. बेकायदा मजकुराची सूचना देण्याची सोपी सोय मंचावर असली पाहिजे. आपल्या उदाहरणातला खोटा संदेश सार्वजनिक पानावर असता, तर त्याखालीच तक्रारीची सोय हवी. एक फरक येथे लक्षात यावा. खोटे आणि बेकायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिलावाची खोटी बातमी प्रत्येक वेळी बेकायदा असेलच असे नाही. हा कायदा खोट्याची नवी व्याख्या करत नाही. बेकायदा काय, हे इतर कायद्यांनीच ठरते.

मंचाने एखाद्याचा मजकूर काढला, मागे ढकलला किंवा खाते बंद केले, तर त्याला कारण कळवावे लागते. कोणता नियम मोडला, निर्णय माणसाने घेतला की यंत्राने, दाद कोठे मागायची, हे त्यात यावे लागते. दाद आधी मंचाच्याच यंत्रणेकडे विनामूल्य मागता येते. तेथे समाधान झाले नाही तर प्रमाणित, स्वतंत्र तंटानिवारण संस्थेकडे जाता येते. या संस्थेचा निर्णय बंधनकारक नसतो, आणि न्यायालयाचा मार्ग खुला राहतोच. मंचांनी दिलेली ही कारणे वैयक्तिक तपशील वगळून एका सार्वजनिक संग्रहात जमा होतात. हा संग्रह सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, आणि तो कोणालाही पाहता येतो.

दुसरी पायरी शिफारशींची व जाहिरातींची. आपल्यासमोर एखादी गोष्ट का आणली, याचे मुख्य निकष मंचाने साध्या भाषेत सांगायचे. मोठ्या मंचांनी वापरणाऱ्याच्या सवयींचा माग न काढता चालणारा निदान एक पर्याय द्यायचा. अल्पवयीन मुलांना त्यांच्या माहितीवर बेतलेल्या जाहिराती दाखवायच्या नाहीत. धर्म, आरोग्य, राजकीय मत यांसारख्या नाजूक माहितीवरून कोणालाच लक्ष्य करायचे नाही. मोठ्या मंचांनी दाखवलेल्या जाहिरातींचा शोधता येईल असा संग्रह ठेवायचा.

तिसरी पायरी बॉयलरच्या तपासणीची, आणि ती फक्त मोठ्यांसाठी. दर वर्षी मंचाने स्वतःच्या रचनेतून उद्भवणारे धोके लिहून काढायचे. बेकायदा मजकुराचा प्रसार, मूलभूत हक्कांवरील परिणाम, निवडणुका व सार्वजनिक सुरक्षितता, मुलांचे व सर्वांचे आरोग्य, असे हे धोके. मग ते कमी करण्याचे उपाय योजायचे. धोक्यावर मोठा परिणाम होऊ शकेल अशी नवी सोय आणायची असेल, तर ती आणण्यापूर्वीच मूल्यमापन करायचे. हे सर्व बाहेरच्या स्वतंत्र लेखापरीक्षकांकडून दर वर्षी तपासून घ्यायचे, आणि अहवाल प्रसिद्ध करायचे. असे पहिले अहवाल २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले.

आम्हा संशोधकांना सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद याच पायरीवर आहे. मान्यताप्राप्त संशोधकांना धोक्यांच्या अभ्यासासाठी मंचाची आकडेवारी मागता येते. त्याविषयीचे तपशीलवार नियम ऑक्टोबर २०२५ मध्ये अमलात आले. युरोपीय आयोगाने स्पेनमधील सेव्हिल येथे या यंत्रणांच्या तपासणीसाठी एक शास्त्रीय केंद्रही २०२३ साली सुरू केले. आपल्या ७० टक्क्यांच्या उदाहरणाकडे परत गेलो, तर या तरतुदीचा अर्थ स्पष्ट होतो. कंपनीचे विधान बाहेरच्या कोणीतरी पुन्हा मोजून पाहणे, एवढाच तो अर्थ.

एक खुलासा येथे आवश्यक आहे. मोजक्या ओळखीच्या लोकांतील खासगी संदेश या कायद्याच्या मंचांसाठीच्या नियमांत येत नाहीत, सार्वजनिक स्वरूपाचा प्रसार येतो. म्हणजे राईनपाड्यासारखी घटना युरोपात घडली, तरी खासगी गटांपुरती हा कायदा थेट उपयोगी पडणार नाही. आपण त्याच्याकडून घ्यायची ती पद्धत.

प्रत्यक्षात काय घडले?

कायदा कागदावर चांगला दिसतो, पण कंपन्या तो पाळतात का? तीन उदाहरणे पाहू.

एप्रिल २०२४ मध्ये टिकटॉकने फ्रान्स व स्पेनमध्ये एक हलकी आवृत्ती आणली. चित्रफिती पाहा, गुण मिळवा आणि गुणांवर बक्षिसे घ्या, अशी तिची योजना होती. मुलांना याचे व्यसन लागेल का, याचे मूल्यमापन आधी केले नाही, म्हणून आयोगाने कारवाई सुरू केली. कंपनीने दोन-तीन दिवसांतच ती योजना थांबवली. युरोपात ती पुन्हा न आणण्याचे तिचे आश्वासन ५ ऑगस्ट २०२४ रोजी बंधनकारक झाले. येथे एकही चित्रफीत काढावी लागली नाही. फक्त एक कळ फिरवण्यापूर्वी विचारायला हवे होते, एवढाच मुद्दा होता.

नोकरी-व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या लिंक्डइनवर कोण कोणत्या गटाचा सदस्य आहे, यावरून जाहिराती दाखवता येत. गटाच्या सदस्यत्वावरून माणसाचे राजकीय मत वा आरोग्य कळू शकते, अशी तक्रार नागरी संस्थांनी केली. आयोगाने माहिती मागवल्यावर जून २०२४ मध्ये कंपनीने युरोपात ही सोय बंद केली.

तिसरे उदाहरण दंडाचे. या कायद्याखाली जागतिक वार्षिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. दहा हजार कोटींची उलाढाल असेल तर सहाशे कोटी! ५ डिसेंबर २०२५ रोजी एक्स या मंचाला १२ कोटी युरोंचा दंड झाला. नियमभंगाचा या कायद्याखालील हा पहिला निर्णय. कारणे तीन: पैसे देऊन मिळणारी निळी खूण लोकांची दिशाभूल करते, जाहिरातींचा संग्रह नीट नाही, आणि संशोधकांना सार्वजनिक माहिती मिळू दिली जात नाही. या तिन्ही कारणांत कोणाचे मत काढा वा ठेवा, असा आदेश नाही.

याचा अर्थ सर्व काही सुरळीत आहे असा नाही. एक्सची चौकशी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली होती. निर्णयाला दोन वर्षे लागली. लेखापरीक्षकाचे पैसे तपासली जाणारी कंपनीच देते. कारणांच्या संग्रहात नोंदींचा इतका पूर येतो की त्यांतून अर्थ काढणे हेच एक संशोधन होते. दंडाच्या भीतीने मंच गरजेपेक्षा जास्त मजकूर काढतील, ही भीतीही खोटी नाही. कारण कळवण्याची आणि दाद मागण्याची तरतूद या भीतीवरचाच उतारा आहे. तो कितपत लागू पडतो, हे पाहावे लागेल.

आपल्याकडे काय आहे?

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाने मध्यस्थांसाठी नवे नियम केले. त्यांतही आकाराची पायरी आहे: ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरणारे असलेला समाजमाध्यम-मंच मोठा समजायचा. विद्यार्थ्यांना एक सोपे गणित देता येईल. युरोपची पायरी लोकसंख्येच्या दहा टक्के आहे. १४० कोटींच्या देशात ५० लाख म्हणजे किती टक्के? उत्तर ०.३६ च्या आसपास येते. म्हणजे आपल्याकडे ‘मोठा’ होणे फार सोपे आहे.

अशा मंचांनी भारतात राहणारे तीन अधिकारी नेमायचे, त्यांतील एक तक्रार निवारणासाठी. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची, निवारण १५ दिवसांत करायचे आणि दरमहा अहवाल प्रसिद्ध करायचा. २०२२ च्या दुरुस्तीने अपील समित्या आल्या. मोठ्या संदेश-सेवांनी गरज पडल्यास संदेशाचा पहिला पाठवणारा कोण, हे सांगता आले पाहिजे, असाही नियम होता. कूटबद्धता मोडल्याशिवाय हे शक्य नाही, असे म्हणून व्हॉट्सॲपने तो दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानित केला.

एप्रिल २०२३ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. केंद्र शासनाच्या कामकाजाविषयीची माहिती खोटी आहे की नाही, हे शासनाच्याच तथ्य-तपासणी कक्षाने ठरवावे, अशी ती होती. ती मुंबई उच्च न्यायालयासमोर आली. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. ज्याच्याविषयी बातमी, त्यानेच ती खरी की खोटी ठरवायची, यातील अडचण आपण वर ७० टक्क्यांच्या आकड्याबाबतही पाहिली. मोजणारा वेगळा हवा, मग समोर कंपनी असो वा शासन.

युरोपचे आणि आपले नियम शेजारी ठेवले तर फरक दिसतो. आपल्या २०२१ च्या नियमांचा भर एकेका संदेशावर आहे: तो कोणी पाठवला, किती तासांत काढला, तक्रार कोणी ऐकली. मंचाने आपल्या रचनेतील धोक्यांचे मूल्यमापन दर वर्षी करावे, ते बाहेरच्यांनी तपासावे, संशोधकांना आकडे मिळावेत, अशा तरतुदी त्यांत नाहीत. व्हॉट्सॲपने ५ ची मर्यादा घातली ती माणसे मेल्यानंतर. गटाची संख्या वाढवताना मात्र कोणी काही विचारले नाही, कारण विचारण्याची पद्धतच नव्हती.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिक्षक मित्रांना हा विषय आठवी-नववीपासून पुढे कोणत्याही वर्गात घेता येईल, आणि त्यासाठी मोबाइलची गरज नाही. चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलाला एक चिठ्ठी द्या. चिठ्ठी मिळालेल्याने फासा टाकायचा. ६ पडला तरच मजकूर पुढे पाठवायचा, तोही ठरलेल्या इतक्याच मुलांना. पहिल्याला मात्र पाठवू द्या. प्रथम मर्यादा १२ ठेवा, मग ६, मग ३. प्रत्येक वेळी किती मुलांपर्यंत मजकूर गेला याचा तक्ता फळ्यावर करा. प्रत्येक प्रयोग पाच-सहा वेळा करावा, कारण एका फेरीवरून निष्कर्ष काढता येत नाही. सरासरी नवे पाठवणारे अनुक्रमे २, १ आणि अर्धा असतील, हे मुले स्वतः काढतील. वर्ग लहान असल्याने आणि तेच मूल पुन्हा पुन्हा सापडत असल्याने वाढ कोठे थांबते, हेही त्यांना दिसेल.

मग तिसऱ्या फेरीनंतर एका गटाला गुपचूप नियम बदलू द्या, आणि निकाल फक्त त्याच गटाला मोजू द्या. बाकीच्या वर्गाने त्यांचा आकडा मान्य करावा का, यावर चर्चा घ्या. मुले थोड्याच वेळात म्हणतील, ‘सर, चिठ्ठ्या आम्हांलाही मोजू द्या.’ युरोपने मोठ्या मंचांकडे केलेली मुख्य मागणी हीच आहे. आपल्या मुलांच्या हातातील मोबाइलमागच्या कळा कोण फिरवतो आणि त्याचे मोजमाप कोण करतो, हे आपणही विचारायला हवे.